तपकिरी पट्ट्यातलं पाणी

ब्रिजितच्या भावाचा, इनासचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला आणि वर येऊन ते दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "काय झालं? दूध उतू गेलं का?" तर म्हणाले, "नंदाखालहून इनासचा फोन होता. ब्रिजित गेली... झोपेतच." सोऱ्यात चीक भरलेला होता. मी तो सगळा घाणा संपवला, हात धुतले आणि मगच खाली आले. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण त्या वेळी मला रडू आलं नाही, राग आला. आदल्याच आठवड्यात तिने मला दम भरला होता, "पाऊस लागायच्या आत एकदा बोटीत यायचंय. गुडघ्यांची कारणं सांगितलीस तर उचलून नेईन." हृदयाचं दुखणं अंगावर वागवत फिरणारी ही बाई मला उचलून नेणार होती! आणि मी मूर्खासारखी गुडघ्यांना तेल चोळायला लागले होते.

नंदाखालच्या चर्चमध्ये मिस्सा झाली आणि दफनानंतर पटांगणात काही जण बोलले. तिच्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी खिशातून कागद काढून वाचलं की, दिवंगत ब्रिजितताई अत्यंत शांत, मनमिळाऊ आणि वरिष्ठांचा शब्द कधीही न मोडणाऱ्या होत्या. माझ्या शेजारी पास्कोल बसला होता. पास्कोल खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यातला, त्याच्याच बोटीतून आम्ही दोघी इतकी वर्षं समुद्रात जात होतो. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, ह्यो कोनाबद्दल बोलतो?" अशा जागी हसू आलं की माणूस ओठ चावतं. मी चावले नाहीत, चांगली हसले, पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. शांत म्हणे! ब्रिजितचा आवाज चढला की बागेतले पोपट उडायचे. मनमिळाऊ? आमची ओळखच भांडणाने झाली. आणि वरिष्ठांचा शब्द... तो तिने जिथे मोडला तिथे हे साहेबही हजर होते. तेव्हा ते साहेब नव्हते, एवढाच फरक. गेलेल्या माणसाला गुळगुळीत करून पुरायची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची देवगडची. लग्न होऊन विरारला आले, फुलपाड्यात आम्ही ब्लॉक घेतला आणि मी आगाशीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. एका चाचणीत मुलांना जिल्ह्याचा नकाशा रंगवायला दिला होता आणि सहावीतल्या एका मुलीने अख्खा अरबी समुद्र तपकिरी रंगवला. मी लाल शाईने लिहिलं, 'समुद्र निळा दाखवावा', आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, सावळी बाई तो कागद हातात घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये आली. मुलीची आत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र बघितलाय का?" मी देवगडची! मी म्हटलं, "जन्मल्यापासून." "इथला?" मी हातातला खडू खाली ठेवला. ती म्हणाली, "इथला समुद्र चहासारखा आहे. पोरीने दिसला तसा रंगवला. गुण का कापले?" मी म्हटलं, "नकाशात रंग दिसण्याचा नसतो, ठरलेला असतो. निळं ते पाणी. उद्या कुणी तपकिरी बघून जमीन समजला आणि बैलगाडी घेऊन आला, तर काय करायचं?" घंटा होईपर्यंत आम्ही भांडलो. मी गुण वाढवले नाहीत आणि तिने माघार घेतली नाही. जाताना दारातून म्हणाली, "रविवारी घरी या जेवायला. तुम्हाला समुद्र दाखवते." मी गेले. त्या रविवारपासून ती मला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली.

ब्रिजित फिजिक्स शिकलेली. लग्न केलं नाही, 'वेळ मिळाला नाही' एवढंच कारण द्यायची आणि पुढचा प्रश्न विचारणाऱ्याकडे अशी पाहायची की तो विषय बदलायचा. धाकटा भाऊ इनास, त्याची बायको रोजा आणि आई यांच्यासोबत नंदाखालच्या घरात राहायची. भोवती केळीची बाग, मागे विहीर. नोकरी मुंबईत, समुद्राकडे उपग्रहातून पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत. नातेवाइकांना वाटायचं ती रॉकेट उडवते. मला मात्र तिने माझ्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर चित्रं पसरून नीट समजावलं होतं. उपग्रहाला मासे दिसत नाहीत, पाण्यावरून परतलेला उजेड दिसतो. कुठे पाणी किती ऊन, कुठे किती गार आणि कुठे त्याला हिरवट झाक आहे हे त्या उजेडावरून काढायचं. हिरवट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती, त्यांच्यामागे लहान मासे, लहानांमागे मोठे. मग नकाशा बनवायचा, बंदरांना फॅक्स करायचा, आणि तिथे लिलावाच्या शेडजवळ फळ्यावर कुणीतरी खडूने लिहायचं की, आज अमुक बाजूला मासळी मिळायचा संभव आहे. "हवामानखात्यासारखंच गं," ती म्हणायची, "फक्त आम्ही चुकलो तर कोळी तोंडावर शिव्या देतात."

आता तपकिरी पट्ट्याची गोष्ट सांगते, कारण ब्रिजितचं पुढचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यात गेलं. नव्वदीच्या शेवटाला समुद्राचा रंग पाहणारा आपला उपग्रह वर गेला आणि तिच्या कचेरीत नवीन चित्रं यायला लागली. ती वाचणारा संगणकाचा प्रोग्रॅम होता खोल, निळ्या, स्वच्छ समुद्रासाठी बनवलेला. आमच्या किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यापुढे तो हात टेकायचा. ज्या ठिकाणचं त्याला काहीच उमगत नसे ती जागा तो काळी सोडायचा, आणि मग सगळ्या किनाऱ्याला काळे डाग पडलेले दिसत. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, नकाशाला ही भोकं कशाला, वरच्यांना दाखवायचाय, नीट दिसू दे. म्हणून ते काळे डाग जमिनीच्या रंगात बुडवून टाकले. जमीन तपकिरी होती, तिला लागून हा पट्टाही तपकिरी झाला, आणि नकाशा भिंतीवर लावण्याजोगा सुबक दिसायला लागला. हे काम ब्रिजितनेच केलं होतं. ते तिने कधी दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. "रंग मीच निवडला," ती म्हणायची, "पटकन काम उरकलं आणि घरी आले. त्या दिवशी केळी उतरवायची होती."

पुढे असा एक छापील नकाशा कुणीतरी कोळीवाड्यातल्या शेडच्या खांबाला चिकटवला. रविवारी सकाळी ब्रिजित बोंबील घ्यायला गेली, तर पास्कोल त्या नकाशापुढे उभा. तेव्हा त्याची नुसती तोंडओळख होती. त्याने तिला विचारलं, "बाय, तुमच्या नकाश्यात ह्यो आमचा गाव हाय, ह्या चर्चची जागा हाय. मंग मी जाली लावतो ता पानी कुठं गेला?" तिने वाकून पाहिलं. पास्कोलच्या डोलजाळ्यांचे खांब ज्या पाण्यात रोवलेले, बायका जिथे जवळा धरतात, ते सगळं तिच्या हातच्या तपकिरी रंगाखाली होतं. ती तिथून नंदाखालला न जाता थेट माझ्याकडे फुलपाड्याला आली. बोंबलांच्या पिशवीतून पाणी गळत होतं, माझ्या दारापासून सोफ्यापर्यंत थेंब. "अगं मास्तरीणबाई, मी पास्कोलला जमिनीवर मासे मारायला बसवलंय!" ती हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासारखीला आयतीच संधी होती. मी म्हटलं, "निळं ते पाणी. मी केव्हापासून सांगतेय. माझ्या वर्गात असतीस तर गुण कापले असते." ती म्हणाली, "काप. पण निळा तरी कोणत्या तोंडाने देऊ? तिथे पाणी आहे एवढंच मला ठाऊक आहे. कसं आहे ते उपग्रहाला कळलं नाही." मग चहा घेता घेता आमचं ठरलं की, न कळलेल्या जागेला स्वतःचा वेगळा रंग हवा. राखाडी, आणि खाली सूचीत लिहायचं, 'माहिती नाही'. सोमवारी तिने कचेरीत तसं सुचवलं. साहेब म्हणाले, "माहिती नाही असं छापायला सरकार आपल्याला पगार देतं का?"

झालं, बाई पेटली. त्यांना माहिती हवी ना, मग माहिती आणते, म्हणाली. गढूळ पाणी किती गढूळ आहे हे प्रत्यक्ष मोजून उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहायचं, म्हणजे हळूहळू त्या पट्ट्याचंही वाचन जमेल. त्यासाठी एक साधी पद्धत जगभर वापरतात. पांढरी तबकडी दोराने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथवर दोर मोजायचा. कचेरीने तबकडी द्यायला नकार दिला, तेव्हा तिने घरातली इनॅमलची पांढरी थाळी घेतली, निळ्या काठाची. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन मधोमध भोक पाडून आणलं, खाली जाळ्याचं शिसं बांधलं आणि दोराला गाठी मारल्या. ह्या थाळ्या तिच्या आईच्या लग्नातल्या. रविवारच्या जेवणाला त्याच काढायच्या, असा त्या घरचा नियम. आईने पुष्कळ आरडाओरडा केला. "अन्न खायची थाळी दर्यात बुडवतेस?" ब्रिजित म्हणाली, "दर्यातलंच अन्न खातो ना आपण?" त्यांच्या घरच्या बोलीत हा संवाद याहून किती तरी झणझणीत आहे, पण मी ती बोली बोलायला लागले की इनासची पोरं अजून पोट धरून हसतात, म्हणून माझ्या भाषेत लिहिते. शेवटी त्यांनीच, म्हणजे मी मावशी म्हणायचे त्या तिच्या आईने, तोडगा काढला. ज्याची थाळी दर्यात, त्याला पान. तेव्हापासून दर रविवारी सगळ्यांना थाळ्या आणि ब्रिजितच्या जागी केळीचं पान. शिक्षा म्हणून सुरू झालेली ती गोष्ट पुढे घराची सवय होऊन गेली. मटणाचा रस्सा पानावरून सांडायचा, आणि ती भाकरीचा बांध घालून जेवायची.

उपग्रह एक दिवसाआड, दुपारी बाराच्या सुमारास आमच्या डोक्यावरून जायचा. थाळी सोडायची ती त्याच वेळी, म्हणजे त्याचं आणि आपलं बघणं जुळतं. तिला सुट्टी रविवारी, म्हणून ज्या रविवारी त्याची फेरी असेल त्या रविवारी सकाळची मिस्सा उरकून आम्ही पास्कोलच्या बोटीत. एकदा फादरनी तिला हटकलं की, रविवार विश्रांतीचा दिवस आहे. ती म्हणाली, "फादर, तेवढं त्याला वर कळवा. तो रविवार पाळत नाही." मी मुळात कशाला जात होते, हे मला आजही धड सांगता येणार नाही. मला बोट लागते. देवगडची असून लागते, यावरून पास्कोलने आणि तिने मला वर्षानुवर्षं पिडलं. मी बोटीच्या काठावर डोकं टेकून 'आता पुरे' म्हणायची, आणि ती ओणवी होऊन पाण्यात बघत ओरडायची, "गेली! दिसेनाशी झाली! कितवी गाठ?" पाणी इतकं गढूळ की, बहुतेक वेळा थाळी हातभर गेली की संपलं. दुपारचं ऊन, खारं वारं, डिझेलचा वास, आणि ही बाई हातभर खोलीसाठी अशी खूश व्हायची जशी तळाशी सोनं सापडलंय. खरं सांगू? मला ते दिवस फार आवडायचे.

मग ती नोटीस लागली. खाडीच्या तोंडाशी भराव घालून धक्का आणि गोदामं बांधायची एका कंपनीची योजना होती, जनसुनावणी होणार होती. पास्कोलने अहवालाची प्रत माझ्याकडे आणून दिली, कारण तो इंग्रजीत होता. मी आधी नकाशे उघडले, भूगोलवाल्यांची सवय. आणि पाहते तर, भरावाच्या जागेसाठी तोच उपग्रहाचा नकाशा जोडलेला. तपकिरी पट्टा. खाली मजकूर असा की, प्रस्तावित जागा उपग्रह नकाशानुसार जमिनीत मोडते, तिथे मासेमारीचं पाणी नाही. म्हणजे पास्कोलची जाळी नाहीत, बायकांचा जवळा नाही, कुणाचं काही बुडतच नाही! आणि नकाशाच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याची सही होती, ब्रिजितची. मी तिला फोन केला. तिने पानाचा आकडा विचारून लिहून घेतला. मग म्हणाली, "सुनावणी कधी आहे?" कचेरीने तिला बोलावून स्पष्ट सांगितलं की, सरकारी नोकराने सरकारी नकाशाविरुद्ध जाहीर बोलायचं नसतं, बढतीचे कागद वर गेलेत, विचार करा. इनासनेही हात जोडले. घरात कायमचा पगार तिचा एकटीचाच होता, बागेचं काय, एका वादळात झोपते. ती रागाने मला म्हणाली, "सगळे मला विचार करायला सांगतायत. मी विचार न करता रंग दिला होता, तेव्हा एकानेही हटकलं नाही."

सुनावणी कोळीवाड्याशेजारच्या शाळेत होती, धक्क्यापासून चार पावलांवर. मांडवात माणूस मावत नव्हता. ब्रिजित मिस्सेला नेसायची ती निळी साडी नेसून आली होती, खांद्याला कापडी पिशवी. तिच्या कचेरीतला एक तरुण अधिकारी कोपऱ्यात बसून कोण काय बोलतं ते टिपून घेत होता. दफनाच्या दिवशी कागद वाचणारे ते हेच. कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर नकाशा दाखवला तशी ती उठली. अध्यक्ष अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, आपण कोणाच्या वतीने बोलणार?" ती म्हणाली, "त्या नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही आहे. त्या सहीच्या वतीने." मग तिने सांगितलं, अगदी साध्या मराठीत, की हा तपकिरी रंग जमिनीचा म्हणून वाचला जातोय, पण तिथे जमीन आहे असं उपग्रहाने कधीच सांगितलेलं नाही. तिथलं त्याला काही कळलं नाही, आणि न कळलेलं झाकायला मी हा रंग दिला. चूक माझी आहे, ती मी दुरुस्त करायला आलेय. सल्लागार हसून म्हणाला, "मग तिथे पाणी आहे याला पुरावा काय?" मागून बायकांचा असा गलका उठला की अध्यक्षांनी टेबल बडवलं. ब्रिजितने घड्याळ पाहिलं आणि पिशवीतून थाळी काढली. "बारा वाजतायत. तो आता डोक्यावरून चाललाय. त्याला वरून बघू दे, आपण खालून बघू. चला साहेब, बोट तयार आहे."

सल्लागार आपल्या बुटांकडे बघत बसला. अध्यक्ष मात्र उठले, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पॅन्ट दुमडून ते पास्कोलच्या बोटीत बसले, मागोमाग ब्रिजित, तिच्यामागे मी आणि माझी मळमळ. नकाशावरच्या तपकिरी पट्ट्यात, जाळ्यांच्या खांबांपाशी पास्कोलने इंजिन बंद केलं. किनाऱ्यावर सगळं गाव उभं. ब्रिजितने दोर अध्यक्षांच्याच हातात दिला. त्यांनी थाळी सोडली, हातभर जाऊन ती गढूळ पाण्यात नाहीशी झाली. "दिसते का?" तिने विचारलं. "नाही," ते म्हणाले. "उपग्रहाचंही हेच झालं, साहेब. दिसत नाही म्हणून थाळी नाही असं म्हणाल? दोराची ओढ लागते ना हाताला?" त्यांनी आणखी दोर सोडला, आणखी सोडला. मग त्यांनी वर बघितलं आणि होकाराची मान डोलावली. पास्कोल मागून म्हणाला, "साहेब, जास्त सोडू नका, माज्या जाल्यात अडकंल." सगळे हसले, अध्यक्षसुद्धा. परत आल्यावर त्यांनी ओल्या हाताने नोंद लिहिली की, नकाशा ग्राह्य धरता येत नाही, अहवाल नव्याने करावा.

शेवट गोड झाला असं मात्र कुणी समजू नये. योजना रद्द झाली नाही, थांबली. ब्रिजितला मेमो मिळाला, बढतीचे कागद कुठल्या तरी कपाटात गेले, आणि तिची बदली कचेरीतल्याच ग्रंथालयात झाली. उपग्रहाची चित्रं पाहायला बंदी घातली नव्हती, फक्त तिच्या टेबलावर ती यायची बंद झाली. मला वाटलं होतं ती खचेल. ती घरी आली, चपला भिरकावल्या आणि म्हणाली, "बरं झालं, आता साडेपाचला सुटते." रविवारी थाळी सुरूच राहिली. जुळवलेली मापं ती कचेरीत नव्याने लागलेल्या मुलींना देत राहिली, कुणी घेतली, कुणी भीतीने परत केली. काही वर्षांनी तिच्या कचेरीच्या नकाशांत किनाऱ्यालगत एक राखाडी पट्टा दिसायला लागला. सूचीत लिहिलेलं, 'माहिती अपुरी'. कुणी सुरू केला, का सुरू केला, याचा कुठेही उल्लेख नाही. मी तिला म्हटलं, "तुझं नाव नको का घालायला?" ती म्हणाली, "राखाडीला नाव कसलं घालतेस? आणि 'अपुरी' काय! 'नाही' म्हणायला काय जातं यांचं?" हेही तिने त्यांना कळवलंच असणार, मला खात्री आहे.

आमची शेवटची भेट तिच्या घराच्या ओट्यावर झाली. तिला चालताना धाप लागत होती, ओठ निळसर दिसत होते. रोजाने गोळ्या आणून दिल्या तर आधी त्यांच्यावरचा बारीक मजकूर वाचून रोजाशी वाद घातला. मग माझ्या गुडघ्यांवर घसरली. मी उठताना म्हटलं, "जरा आराम कर गं, सगळं काय तूच बघायचं का?" तेव्हा ती एकदम शांत झाली. तेवढीच तिची शांतता मी पाहिली आहे. म्हणाली, "ते परत येतील, मास्तरीणबाई. पाणी पुसायला एक ब्रश पुरतो..." मला आता वाटतं, मी तेव्हा बसून राहायला हवं होतं. ती हवी आहे मला, अजून. तिच्याशी भांडायचं खूप राहिलंय.

परवा तिची महिन्याची मिस्सा झाली. नंतर घरी गेले तर स्वयंपाकघरात रोजा दुपारच्या जेवणाची मांडामांड करत होती. पांढऱ्या थाळ्या ओळीने मांडल्या होत्या, आणि खिडकीकडच्या जागेवर केळीचं पान. मावशी जाऊनही काही वर्षं झाली, कुणी सांगणारं नव्हतं. रोजाला विचारावंसं वाटलं, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं पान पुसून पुन्हा नीट ठेवलं. भोक पाडलेली थाळी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती, दोरासकट. इनास म्हणाला, "बाई, हिच्या भोकाला डाख लावून ते बुजवून घेतलं तर पुन्हा जेवायला होईल. सेट पुरा होईल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हटलं, "खबरदार!" आणि थाळी उतरवून घेतली. रविवार होता, साडेअकरा वाजले होते. "जेवायला थांबू नका," मी दारातून सांगितलं, जसं ती सांगायची.

पास्कोल धक्क्यावर होता. माझ्या हातात थाळी पाहून त्याने हात धरून मला बोटीत घेतलं. गुडघे बोंबलले, त्यांना बोंबलू दिलं. खांबांपाशी पोचल्यावर इंजिन बंद करून तो म्हणाला, "मोजनीवाले परत आलेत, बाई. नवा नकाशा आनलाय म्हनतात." मी विचारलं, "कोणत्या रंगाचा?" "ता काय मना दाखवला नाय." पाऊस लागायचा होता, आभाळ स्वच्छ होतं. सुनावणी लागेल तेव्हा मी जाणार आहे. माझी सही कुठल्याच नकाशावर नाही, पण दोर कसा धरतात ते मला येतं, आणि अध्यक्ष कुणीही असोत, बोटीत त्यांना बसवल्याशिवाय मी सोडणार नाही. बारा वाजले. मी काठावर ओणवी झाले आणि थाळी सोडली. पांढरं वर्तुळ खाली गेलं, पिवळट झालं, तपकिरी झालं. "दिसते काय?" पास्कोलने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. दोराची ओढ हाताला लागत होती.